अकराव्या कडव्यापाशी

नाट्यगृहाला कुलूप लागून सतरा दिवस झाले आणि प्रॉम्प्टरने घरातल्या माणसांना प्रॉम्प्ट करायला सुरुवात केली.

पहिला प्रयोग बायकोवर झाला. ती विमा कंपनीत होती आणि आता बाहेर पडायला बंदी असल्यामुळे तेच काम बेडरूममधून करत होती. एका गिऱ्हाईकाला फोनवर समजावताना ती म्हणाली, "तुमच्या पॉलिसीत पुराचं नुकसान बसतं, पण..." आणि तिने श्वास घेतला. तेवढ्यात दाराआडून हलक्या, स्वच्छ आवाजात आलं, "पण भूकंपाचं बसत नाही." गिऱ्हाईकाला तेही ऐकू गेलं. तुमच्याकडे एका फोनवर दोन माणसं बसवतात का, अशी त्याने चौकशी केली.

फोन ठेवून बायको बाहेर आली.

"पाळत ठेवतोयस का माझ्यावर?"

"नाही. तू अडलीस."

"अडले नव्हते. विचार करत होते."

"विचाराचा श्वास वेगळा असतो," प्रॉम्प्टर म्हणाला. "तो नाकाने घेतात. तुझा तोंडाने होता."

या एका विषयात त्याचा अधिकार होता. एकतीस वर्षं तो विंगेत एका स्टुलावर बसून नटांना विसरलेल्या ओळी देत आला होता. चांगला प्रॉम्प्टर आहे हे प्रेक्षकांना कधी कळत नाही, आणि नाही हे नटाला लगेच कळतं. तो नटाच्या चेहऱ्याकडे कधीही पाहत नसे. चेहऱ्याचं कामच खोटं बोलण्याचं असतं, श्वास मात्र खोटं बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. एका प्रयोगात एक मोठा नट चाळीस सेकंद गप्प उभा राहिला होता. मॅनेजरने घाबरून प्रॉम्प्टरच्या दंडाला चिमटे काढले, तरी त्याने ओळ दिली नाही. नट विसरला नव्हता, विराम घेत होता. चाळीस सेकंदांनंतर टाळ्या पडल्या. ही गोष्ट घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने किमान दोनदा ऐकली होती, आणि तिचा शेवट ठरलेला असे: "खरा विसर आणि घेतलेला विराम ओळखण्यात माझी एकदाही चूक झालेली नाही." त्याला दुसरा एक अभिमान होता, तो म्हणजे कामावर असताना संहितेत नसलेला एकही शब्द त्याने आजवर उच्चारलेला नाही.

अशा माणसाला घरात बसवणं म्हणजे मासा कपाटात ठेवण्यासारखं होतं. त्याने पहिल्या आठवड्यात जुन्या नाटकांच्या सत्तावीस वह्या नावांप्रमाणे लावल्या. दुसऱ्या आठवड्यात जाडीप्रमाणे लावल्या. तिसऱ्या आठवड्यात त्या नुसत्या समोर घेऊन तो खिडकीत बसून राहू लागला. जेवणं दोन घासांनी कमी झाली, दाढी एक दिवसाआड होऊ लागली. रस्त्यावर एकुलती एक मांजर फिरकायची, ती थबकली की तो पुढे वाकायचा आणि मग तिला ओळ नाही हे आठवून मागे टेकायचा.

हे सगळं सासूबाई पाहत होत्या. त्या शहात्तर वर्षांच्या होत्या आणि चार वर्षांपूर्वी पलीकडच्या गल्लीतून लेकीकडे राहायला आल्या होत्या. त्या जास्त बोलत नसत. चष्म्याच्या वरून पाहत, आणि पाहिलेलं लगेच खर्च करत नसत.

त्यांचं स्वतःचं एक राज्य होतं. सात बायकांचा एक प्रार्थनेचा गट होता, तो रोज संध्याकाळी पाच वाजता कोपऱ्यावरच्या छोट्या सभागृहात जमत असे. बावीस कडव्यांची एक जुनी प्रार्थना होती, ती सासूबाई पुढे म्हणत आणि बाकीच्या मागून म्हणत. तीस वर्षं पुढे त्याच होत्या. सभागृहालाही कुलूप लागल्यावर ही प्रार्थना फोनवर आली. सुरुवातीला एकमेकींना पाहत म्हणायचं ठरलं होतं, पण पहिल्या दिवशी पडद्यावर सहा छतं, पाच पंखे आणि एक कपाळ एवढंच दिसलं. तेव्हा पाहणं रद्द होऊन नुसतं ऐकणं राहिलं. जेवणाच्या टेबलावर लांब कापड घालून सासूबाई मधोमध फोन ठेवत, स्पीकर लावत आणि डोळे मिटत.

प्रॉम्प्टर पाच वाजता इतकी वर्षं नाट्यगृहात असल्यामुळे ही प्रार्थना त्याच्या वाटेत कधी आली नव्हती. देवाशी त्याचं वैर नव्हतं. देव हे संहितेत उल्लेख असलेलं पण रंगमंचावर न येणारं पात्र आहे, अशा पात्रासाठी आपण ताटकळत बसू नये, एवढंच त्याचं मत होतं.

अठराव्या दिवशी सासूबाई अकराव्या कडव्यापाशी अडल्या.

कडवं असं होतं: "मी विसरलो तरी तू विसरू नको, उशीर झाला तरी तू जाऊ नको." त्यांनी "मी" म्हटलं, तोंडाने श्वास घेतला आणि पुढे काही आलंच नाही. विसरण्याविषयीचीच ओळ विसरली गेली, हे फोनवरच्या सगळ्याजणींना एकदमच कळलं असावं, कारण कुणी हसलंसुद्धा नाही. मग गटातल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी ती ओळ पुरवली, आणि वर पुरवणी जोडली.

"चालायचंच. वय कुणाला चुकलंय? आता जरा आलटून पालटून म्हणूया आपण. मी घेत जाईन पुढे, म्हणजे तुमच्यावर भार नको."

सासूबाईंनी फोन बंद केला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि चहा न घेता आपल्या खोलीत गेल्या. चार वर्षांत त्यांनी चहा सोडलेला घरात कुणी पाहिला नव्हता.

"तू काहीतरी कर," बायको प्रॉम्प्टरला म्हणाली.

"मी काय करणार?"

"एकतीस वर्षं जे केलंस ते. परक्यांसाठी करत होतास, आता माझ्या आईसाठी कर. तिच्याकडे दुसरं काय उरलंय सांग. ही प्रार्थना गेली की ती पण तुझ्यासारखी खिडकीत येऊन बसेल, आणि आपल्याकडे खिडकी एकच आहे."

प्रॉम्प्टरने आपण हे मानत नसल्याची आठवण करून दिली. त्यावर नाटकात भूत असतं तेव्हा तू भूत मानतोस म्हणून ओळ देतोस का, असं तिने विचारलं.  खरं सांगायचं तर, सासूबाईंचा तो श्वास त्याच्या कानातून जात नव्हता. तो अगदी खरा, अडलेल्या माणसाचा श्वास होता. असा श्वास ऐकून गप्प राहणं हे त्याच्या धंद्यात पाप होतं.

संहिता मिळाली ती बायकोच्या लहानपणच्या वहीत. कसल्याशा खोडीची शिक्षा म्हणून तिच्याकडून ही प्रार्थना लिहून घेतली होती. शेवटचं पान फाटलेलं असल्यामुळे वहीत कडवी एकवीसच होती, पण शेवटच्या कडव्याला कुणी अडत नाही, हा अनुभव त्याच्या गाठीशी होता. त्याने लाल पेन्सिलने श्वासांच्या जागा खुणावल्या. सासूबाईंना विचारून गती ठरवली. त्यांनी आधी आढेवेढे घेतले.

"तुम्हाला कशाला त्रास, जावईबापू. तुम्ही मानत नाही या सगळ्याला."

"मानत नाही, आई. खोटं कशाला बोलू."

"बरोबर आहे. तुम्ही मानायचं नाहीच," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त वेळेवर यायचं."

दुसऱ्या दिवशी पाचला पाच मिनिटं कमी असताना तो टेबलाखाली गेला. जागेचा त्याने सकाळीच अभ्यास केला होता. नटाच्या उजव्या हाताला, जरा मागे आणि खाली, ही प्रॉम्प्टरची जागा. म्हणजे आवाज कानाला लागतो आणि प्रेक्षकांत जात नाही. खुर्चीत बसला असता तर कागद फडफडले असते, टेबलाखाली कापडाचा आडोसा होता. टेबल बुटकं असल्यामुळे मांडी घालता येईना, म्हणून त्याने उशी घेतली आणि गुडघे टेकले. बायको पाण्याचा तांब्या घ्यायला आली होती. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "चला, निदान गुडघ्यांना तरी श्रद्धा आली."

प्रयोग उत्तम झाला. सासूबाई चौथ्या, अकराव्या आणि सोळाव्या कडव्यापाशी अडल्या, तिन्ही वेळा ओळ वेळेवर पोचली आणि मुख्याध्यापिकाबाईंना तोंड उघडायला फट मिळाली नाही. चहाबरोबर सासूबाईंनी दोन बिस्किटं खाल्ली. प्रॉम्प्टरने चार खाल्ली.

त्या दिवसापासून घराला वेळापत्रक आलं. अकरा वाजता तालीम, पाचला पाच कमी असताना जागेवर, प्रार्थनेनंतर चहा आणि चर्चा. प्रॉम्प्टरची दाढी रोज होऊ लागली. सासूबाईंचं अडणंही बेभरवशाचं होतं, म्हणजे अगदी कामाला आव्हान देणारं. एके दिवशी एकदा अडत, एके दिवशी तीनदा. नाट्यगृह आणखी दोन महिने उघडणार नाही अशी बातमी ज्या दुपारी आली, त्या संध्याकाळी त्या तब्बल पाच ठिकाणी अडल्या आणि एका ठिकाणी तर कडवंच चुकून मागे गेल्या. त्यांना मूळ जागी आणताना प्रॉम्प्टरला इतका घाम फुटला की बातमीचं दुःख करायचं राहूनच गेलं.

चहाच्या वेळी गप्पाही होऊ लागल्या. आजवर जावई आणि सासूबाई यांच्यात "जेवलात का" आणि "औषध घेतलंत का" यापलीकडे मजल गेली नव्हती. आता तो त्यांना विंगेतल्या गोष्टी सांगे. त्याने एकदा विचारलं, तुम्ही माझ्या नाटकाला आला होतात, कसं वाटलं होतं?

"तुमचं काम अजिबात ऐकू आलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "फार छान."

एकतीस वर्षांत त्याच्या कामाला मिळालेली ही पहिली दाद होती. त्यामुळे चाळीस सेकंदांची गोष्ट त्याने त्यांना तिसऱ्यांदा सांगितली. त्यांनी ती पहिल्यांदाच ऐकावी तशी ऐकली. तुम्ही कधी नाटकात काम केलंय का, असं त्याने विचारल्यावर मात्र त्या म्हणाल्या, "आमचं कसलं काम," आणि साखर संपत आल्याचं त्यांना आठवलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. घोटाळा झाला तो त्याच्या कौशल्यामुळेच.

प्रॉम्प्टरची कुजबुज ही साधी कुजबुज नसते. ती सहा पावलांवर स्पष्ट ऐकू जाते आणि बाराव्या पावलावर विरते. त्याने आयुष्यभर नाट्यगृहाची मापं धरली होती. टेबलावरचा फोन त्याच्या तोंडापासून दीड हातावर होता, आणि आजूबाजूचा गलका गाळून माणसाचा बोल तेवढा टिपण्याची अक्कल त्याला कारखान्यातूनच मिळाली होती. लाकडातून, कापडातून गाळून निघालेली ती कुजबुज पलीकडच्या घरांत पोचताना भारदस्त, खोल आणि कुठून येते ते न कळणारी होत होती. बायकोच्या गिऱ्हाईकाने हा इशारा आधीच दिला होता, पण गिऱ्हाईकांचं ऐकायची पद्धत विम्यात नाही आणि नाटकातही नाही.

टेबलाखालच्या नवव्या दिवशी प्रार्थना संपल्यावर गटातल्या नर्सबाई बोलल्या. त्या निवृत्त झाल्या होत्या आणि एकट्याच राहत.

"एक विचारू का? हसू नका. तुम्ही ओळ म्हणायच्या आधी कुणीतरी तीच ओळ म्हणतं, असं मला ऐकू येतं. पुरुषाचा आवाज. शांत."

 मग एक बाई म्हणाल्या, मलाही येतो. मग दुसऱ्या म्हणाल्या, मला वाटलं माझंच डोकं फिरलं, म्हणून बोलले नाही. आवाज सगळ्यांनाच येत होता. टेबलाखाली प्रॉम्प्टरने वही मिटली. आता सासूबाई काय सांगतात याकडे त्याने कान लावला. सासूबाईंनी काहीच सांगितलं नाही.

बोलल्या त्या मुख्याध्यापिकाबाई. शाळेत निकाल वाचून दाखवावा तशा आवाजात त्या म्हणाल्या, "तो कुणाचा आहे ते विचारायचं नाही. विचारलं की असली गोष्ट जाते. उद्या पाच वाजता."

त्या संध्याकाळी प्रॉम्प्टरने बायकोसमोर हात टेकले. आपण सगळ्यांना खरं सांगून मोकळं व्हायला हवं, हा भलताच प्रकार होऊन बसलाय, असं त्याचं म्हणणं. बायकोने त्याला शांतपणे पुढचं दाखवून दिलं. आवाज कुणाचा ते सांगायचं तर तो का होता तेही सांगावं लागेल. म्हणजे आई अडते हे सांगावं लागेल. म्हणजे मुख्याध्यापिकाबाई उद्यापासून पुढे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. "तू थोडं हळू बोल," तिने सुचवलं. तो हळू बोलला, तेव्हा फोनने आपल्याकडून आवाज आणखी मोठा केला.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. बंद दारांच्या त्या दिवसांत बाहेर जायला परवानगी होती ती फक्त बातमीला. सातच्या अकरा झाल्या, अकराच्या तेवीस झाल्या. कुणाच्या बहिणी, कुणाच्या जावा, कुणाच्या शेजारणी. कुणी आपल्या सासऱ्यांना फोनजवळ बसवू लागल्या. तेवीस घरांत पाच वाजता कुकर बंद होऊ लागले. प्रार्थनेनंतरही फोन लगेच ठेवले जात नसत. कुणाच्या कुंडीत काय उगवलं, कुणाचा गुडघा काय म्हणतो, कुणी केस घरीच कसे कापले आणि आता डोक्याला पदर का घेते, असं पाऊण तास चाले. टेबलाखालून बाहेर पडायची सोय नसल्यामुळे प्रॉम्प्टरला हे सगळं ऐकावं लागे. आठवडाभरात त्याला तेवीस बायका श्वासावरून ओळखू येऊ लागल्या. एक-दोनदा तर तिथे बसल्या बसल्या त्याला कुंडीतल्या मिरचीची पुढची बातमी काय असेल याची हुरहूर लागली.

आणि मग नर्सबाईंनी तो प्रश्न विचारला.

प्रार्थना संपली होती. गप्पा अजून सुरू व्हायच्या होत्या. नर्सबाई हळूच म्हणाल्या, "विचारू नये म्हणतात, पण विचारते. माझ्याशी दिवसभरात कुणी बोलत नाही. दूधवालाही पिशवी टांगून जातो. उद्या असणार आहेस ना?"

हा प्रश्न कुणाला होता ते सगळ्यांना कळलं.  प्रॉम्प्टरने तो श्वास ऐकला. तोंडाने घेतलेला आणि वर अडकलेला. एकतीस वर्षांत यापेक्षा खरा श्वास त्याने ऐकला नव्हता.

समोरचं माणूस अडलं होतं, आणि त्याच्याजवळ ओळ नव्हती. स्वतःचं काही बोलणं त्याच्या नियमात बसत नव्हतं. आणि आपण जे नाही आहोत त्याच्या नावाने बोलणं तर त्याला चोरीसारखं वाटलं. त्याने घाईघाईने वही चाळली. सतराव्या कडव्यात एक ओळ होती, जिच्यावरून तो रोज लाल पेन्सिल फिरवत पुढे जायचा, कारण तिथे सासूबाई कधी अडत नसत. त्याने ती दिली. नेहमीच्याच कुजबुजीत.

"दार लोटून ठेव. मी इथेच आहे."

 मग नर्सबाईंनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, "बरं." त्यानंतर कुणीतरी मिरचीचा विषय काढला.

त्या दिवशी चहा घेताना प्रॉम्प्टरने बिस्किटाला हात लावला नाही. शेवटी म्हणाला, "आई, मी फक्त ओळ दिली. ओळ माझी नव्हती."

"माझी तरी कुठे आहे?" सासूबाई म्हणाल्या. "ज्याची आहे तो कधी बोलतो का? तो आपला विंगेत." आणि त्यांनी बिस्किटांचा डबा त्याच्याकडे सरकवला.

गारठलेल्या फरशीवर रोज तासभर गुडघे टेकल्याचा परिणाम व्हायचा तो झाला. बंदीच्या चाळिसाव्या दिवशी, बरोबर अकराव्या कडव्यापाशी, सासूबाईंनी "मी" म्हणून श्वास घेतला. प्रॉम्प्टरने ओळीसाठी तोंड उघडलं, आणि ओळीऐवजी खोकला आला. साधासुधा नव्हे. टेबलावरचा पेला वाजला, फोन जागचा सरकला.

त्या दिवसांत खोकला म्हणजे काय, हे सांगायला नको. तेवीस घरांत प्रार्थना थांबली. प्रॉम्प्टरने तोंडावर उशी दाबली. आता सगळं संपलं, एवढं त्याला कळलं. सासूबाईंचं राज्य गेलं, नर्सबाईंचा आवाज गेला, आणि तेवीस बायकांना फसवणारा माणूस म्हणून आपण उद्या रस्त्यावर ओळखले जाऊ. सुदैवाने रस्त्यावर कुणी नाही.

"कोमट पाणी द्या त्यांना," फोनमधून मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

"कोमट नको, वाफ," दुसऱ्या कुणी म्हणाल्या. तिसऱ्यांनी मिठाच्या गुळण्या सुचवल्या. चौथ्यांनी छातीला काय चोळायचं ते सांगितलं.

"थांबा सगळ्या," नर्सबाईंचा आवाज आला. तो आता मुळीच अडत नव्हता. "जावईबापू, ताप आहे का? वास येतोय ना नाकाला? आ करून बायकोला घसा दाखवा. कोरडा खोकला आहे, गारठ्याचा आहे, मी पहिल्या ठसक्यालाच ओळखला. दोन दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि आवाज लाकडाआडून येतो, म्हणजे टेबलाखाली आहात, आधी बाहेर या."

प्रॉम्प्टर कापड बाजूला करून बाहेर आला. त्याने सासूबाईंकडे पाहिलं. त्या डोळे मिटूनच होत्या.

फोनवरच्या सगळ्याजणींना माहीत होतं. कुणाला तिसऱ्या दिवशी कळलं होतं, कुणाला दहाव्या. नर्सबाईंना तर पहिल्याच दिवशी. प्रत्येकीने आपल्याला कळल्याचं बाकीच्यांपासून लपवलं होतं, कारण बाकीच्यांची श्रद्धा मोडायला नको. आणि कळलं म्हणून ऐकणं एकीनेही थांबवलं नव्हतं. "माणसाचा आवाज आहे हे कळत होतंच," नर्सबाई म्हणाल्या. "माणसाशीच बोलायचं होतं मला. सांगितलं असतं तर तुम्ही लाजून गप्प बसला असता."

दोन दिवस बोलायची बंदी म्हणजे दोन प्रयोग प्रॉम्प्टरशिवाय. त्याची झोप उडाली. गुपित फुटलं ते ठीक होतं, पण सासूबाईंचं अडणं तर खरं होतं. दुसऱ्या दिवशी पाच वाजता तो टेबलाशी खुर्चीत बसला. त्याने प्रत्येक कडव्याची ओळ मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून ठेवली होती. सासूबाईंनी त्या गठ्ठ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

चौथं कडवं आलं आणि गेलं. कागदांचा गठ्ठा हातात धरून प्रॉम्प्टर अर्धा उठला. अकरावं आलं. "मी विसरलो तरी तू विसरू नको," सासूबाई म्हणाल्या, "उशीर झाला तरी तू जाऊ नको," आणि नदीच्या पाण्यासारख्या पुढे गेल्या. सोळावं गेलं. सतरावं गेलं. एकविसावं संपलं, तिथे त्याची वही संपत होती. सासूबाईंनी नाकाने संथ श्वास घेतला आणि बाविसावं कडवं म्हटलं, जे त्याच्या वहीत नव्हतं आणि वही मिटायच्या घाईत ज्याकडे त्याने आजवर कान दिला नव्हता:

"घराला दार दे, दाराला वाट दे, वाटेला कुणी येणारं दे."

एकही अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. प्रॉम्प्टर कागद छातीशी धरून बसून राहिला. डोक्यात एकेक संध्याकाळ मागे जात होती. नाट्यगृहाची बातमी आली ती संध्याकाळ, पाच ठिकाणी. त्याला स्वतःला वहीवर झोप अनावर झाली होती ती एक संध्याकाळ, तेव्हा त्या एकदाही अडल्या नव्हत्या. प्रत्येक वेळी तोंडाने घेतलेला तो खराखुरा श्वास.

"झालं का गं?" फोनमधून मुख्याध्यापिकाबाई सासूबाईंना विचारत होत्या. "आता मी टोचून बोललेलं विसरून जायला सांग बाई जावयांना. तू म्हणालीस, पहिल्या दिवशी असं बोल की घरात कळलं पाहिजे. मला कुठे तुझ्यासारखं जमतं? कॉलेजच्या स्पर्धेत अभिनयाचा कप तुला होता. मला उत्तेजनार्थ. उत्तेजनार्थवालीच्या मानाने बरं बोलले मी."

सासूबाईंनी फोन बंद केला आणि चहा टाकायला आत गेल्या.

प्रॉम्प्टरने बायकोकडे पाहिलं. बोलायची बंदी असल्यामुळे त्याने एका कागदाच्या मागे लिहिलं: तुला माहीत होतं?

"मला काय विचारतोस," बायको म्हणाली. "श्वास तुला कळतो."

तिसऱ्या दिवशी घसा मोकळा झाला. पाचला पाच कमी असताना प्रॉम्प्टर दाढी करून, वही घेऊन आला. आता लपायचं काही कारण नव्हतं. टेबलाभोवती तीन रिकाम्या खुर्च्या होत्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, उशी दुहेरी केली आणि टेबलाखाली जाऊन गुडघे टेकले.  प्रार्थना सुरू झाली. चौथं कडवं सरळ गेलं. अकरावं आलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या, आणि तोंडाने श्वास घेतला. अगदी खरा. कपच्या लायकीचा.

टेबलाखालून काही आलं नाही.

एक, दोन, तीन सेकंद गेले. सात, आठ. तेवीस घरांत तेवीस श्वास धरलेले त्याला ऐकू येत होते. सासूबाईंचा पाय खाली चाचपडत आला, त्याच्या खांद्याला लागला आणि अंगठ्याने त्याला एकदा ढोसलं. पंधरा. "जावईबापू, घसा बरा आहे ना?" नर्सबाईंनी हळूच विचारलं. अंगठ्याने दुसऱ्यांदा, जरा जोरात ढोसलं. तो मोजत होता. चाळीस झाले, तेव्हा त्याने शांत, स्वच्छ, सहा पावलांवर ऐकू जाईल अशा आवाजात ओळ दिली. मी विसरलो तरी तू विसरू नको, उशीर झाला तरी तू जाऊ नको.

फोनच्या पलीकडे कुणीतरी टाळी वाजवली. मग दोघी-तिघींनी वाजवली.

"हा विराम कुणाचा होता?" मुख्याध्यापिकाबाईंनी कडक आवाजात विचारलं.

"माझा," टेबलाखालून उत्तर आलं.

एकतीस वर्षांत, कामावर असताना, संहितेत नसलेला त्याचा तो पहिला शब्द. सासूबाईंनी तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बारावं कडवं सुरू केलं.